वडील आजोबांच्या आधी वारले असतील, तर वाड्यात नातवंडांचा हक्क उरतो का?

रामबाग

नमस्कार. इंदूरला रामबागेत आमचा जुना वाडा आहे. पणजोबांनी होळकर संस्थानच्या नोकरीत असताना तो आपल्या पगारातून घेतला आणि खरेदीखतावर त्यांचे एकट्याचेच नाव आहे. आजोबा हे त्यांचे एकुलते एक अपत्य. पणजी पणजोबांच्या हयातीतच गेल्या. आजोबांना तीन मुले, म्हणजे माझे वडील, काका आणि आत्या. वडील २०११ साली गेले आणि आजोबा २०१९ साली. आजोबांनी मृत्युपत्र केले नव्हते, याबद्दल घरात कोणाचेही दुमत नाही. आजी वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहते. वाड्याखेरीज सांवेर तहसिलीत आजोबांनी १९७४ साली स्वतः घेतलेली चार एकर शेती आहे.

गेल्या महिन्यात वाड्याच्या कराची पावती हाती आली, तेव्हा तीवर एकट्या काकांचे नाव दिसले. शेतीच्या खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदवहीतही, तसेच. विचारले असता काका शांतपणे म्हणाले, "दादा आधी गेला, त्याचा हिस्सा त्याच्याबरोबर गेला. आजोबांच्या मालमत्तेत नातवंडांना हक्क नसतो, आणि नातीला तर नसतोच." उलट ओळखीच्या एका वकिलांचे म्हणणे असे की वाडा 'पैतृक' ठरवून घेतला, तर आम्हा भावंडांना जन्मतःच हक्क मिळेल आणि हिस्साही मोठा होईल.

यांतले खरे काय? आजीला किंवा काकांना घराबाहेर काढण्याचा विचार माझ्या मनात नाही. आई, धाकटा भाऊ आणि मी यांचे नाव जिथे असायला हवे तिथे असावे, एवढीच माझी इच्छा आहे.

जुनी_कचेरी

ताई, आपल्या काकांचे विधान साफ चुकीचे आहे आणि वकिलांचे अर्धे बरोबर आहे. दोन्ही नीट तपासू.

नातवंडाचा हक्क दोन वेगळ्या वाटांनी येतो. पहिली वाट जन्माची. मालमत्ता खऱ्या अर्थाने वडिलोपार्जित, म्हणजे समाईक कुटुंबाची सहदायकी असेल, तर नातवंड जन्माला येताच तिच्यात हिस्सेदार होते, मग आजोबा आणि वडील दोघेही हयात असोत. दुसरी वाट मृत्यूची. आजोबा मृत्युपत्र न करता वारले, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे पहिल्या वर्गातील वारस एकाच वेळी वारसा घेतात. त्या वर्गात मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांच्याबरोबर आधी वारलेल्या मुलाचा मुलगा, त्याची मुलगी आणि त्याची विधवा ही तिन्ही नावे आहेत. आपली आई, आपला भाऊ आणि आपण त्या यादीत बसता. आपल्या वडिलांचा हिस्सा त्यांच्याबरोबर गेला नाही, तो त्यांच्या शाखेत उतरला आहे.

'नातीला तर नसतोच' या वाक्यावर थोडे थांबावेसे वाटते, कारण हा गैरसमज शिकल्यासवरल्या घरांतही खोल रुजलेला आहे. मुलींना हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, असे लोक सरसकट म्हणतात. ती दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, पण ती सहदायकीतील जन्मसिद्ध हक्काबद्दल होती. आजोबांच्या स्वतंत्र मालमत्तेत आधी वारलेल्या मुलाची मुलगी ही वारस म्हणून १७ जून १९५६ पासून, म्हणजे कायदा लागू झाला त्या दिवसापासून, भावाच्या बरोबरीने बसलेली आहे.

शेतीचा प्रश्न सोपा आहे. ती आजोबांची स्वकष्टार्जित, त्यामुळे थेट कलम ८ लागू होते. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम १६४ प्रमाणे भूमिस्वामीचा, म्हणजे जमीनमालकाचा, हक्क त्याच्या वैयक्तिक कायद्यानुसारच वारसांकडे जातो. वाड्याबाबत मात्र एक गोष्ट कळल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आपले पणजोबा नेमके कधी वारले?

रामबाग

मनापासून आभार. पणजोबा स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत गेले, असे आजी म्हणते. आत्यांना वाटते की त्या शाळेत जायला लागल्या होत्या, म्हणजे आणखी पुढे. पण या तारखेवर इतके अवलंबून का आहे?

देवासकर

आमच्या देवासच्या न्यायालयातून निघून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला एक दावा याच प्रश्नावर होता, म्हणून लिहितो. उत्तम विरुद्ध सौभाग सिंह, निकाल मार्च २०१६. दावा लावणाऱ्या नातवाचे आजोबा १९७३ साली मृत्युपत्राविना वारले होते, मागे पत्नी आणि मुलगे होते. नातू जन्मला १९७७ साली. मालमत्ता पिढीजात आहे, म्हणून वडिलांच्या हयातीतच आपला जन्मसिद्ध हिस्सा वाटून मिळावा, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की १९७३ साली वारसा उघडला, म्हणजे आजोबा वारले, तेव्हा कलम ८ प्रमाणे वाटप झाले आणि ज्याच्या वाट्याला जे आले ते त्याचे स्वतःचे झाले. ती मालमत्ता तिथेच समाईक राहिली नाही, त्यामुळे १९७७ साली जन्मलेल्या नातवासाठी जन्मसिद्ध हक्क उरलाच नाही. या विचाराची पायाभरणी १९८६ च्या चंदर सेन प्रकरणात झाली होती. बापाकडून कलम ८ खाली मुलाला मिळालेली मालमत्ता तो व्यक्ती म्हणून घेतो, आपल्या मुलाबाळांच्या कुटुंबाचा कर्ता म्हणून घेत नाही, असे तिथे ठरले.

याच्या उलट, बाप १९५६ च्या आधी वारला असेल, तर जुना मिताक्षरा, म्हणजे परंपरागत हिंदू धर्मशास्त्राचा, नियम लागतो. त्या नियमाने बापाची स्वकष्टार्जित मालमत्ताही मुलाच्या हाती येताच नातवांच्या दृष्टीने वडिलोपार्जित होते. अर्शनूर सिंग प्रकरणात, २०१९ साली, हेच पुन्हा सांगितले गेले. तिथे वारसा १९५१ साली उघडला होता.

म्हणून आपल्या पणजोबांचे वर्ष हवे. वाडा तोच आणि माणसेही तीच, पण १९५५ साली गेले असतील तर आजोबांच्या हाती तो वडिलोपार्जित होतो आणि १९५७ साली गेले असतील तर आजोबांचा स्वतःचा.

आपल्याकडे कचेरीत 'पैतृक' हा शब्द दोन्हींसाठी सर्रास वापरतात, बापाकडून आले ते सगळेच पैतृक. बरेचसे चुकलेले दावे या एका शब्दातून उभे राहतात, असे मला आजवरच्या अनुभवावरून प्रामाणिकपणे वाटते.

लष्कर_ग्वाल्हेर

माझे आजोबा आणि वडील दोघेही हयात आहेत. घर आजोबांनी निवृत्तीच्या पैशांतून बांधले आणि आता ते माझ्या चुलत भावाच्या नावे बक्षीसपत्र करणार आहेत. मी अडवू शकतो का?

जुनी_कचेरी

नाही. स्वकष्टार्जित मालमत्तेत आजोबांच्या हयातीत ना आपल्या वडिलांचा हक्क, ना आपला. बक्षीसपत्र नोंदणीकृत आणि दोन साक्षीदारांच्या सहीचे असले, की झाले. आपल्या चुलत भावाला मिळालेले घरही आपोआप वडिलोपार्जित होत नाही. देणाऱ्याचा हेतू काय होता यावर ते ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल मुदलियार प्रकरणात १९५३ सालीच सांगितले आहे.

रामबाग

सहा दिवसांनी लिहिते आहे, कारण शोधाशोध करावी लागली.

देवघराच्या फडताळात, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याखाली, आजोबांची तिथींची वही सापडली. लाल कापडाची बांधणी आहे, पाने कडांना तपकिरी झाली आहेत आणि पहिल्या पानावर हळदीकुंकवाचे बोट उमटलेले आहे. घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाची तिथी, श्राद्धाला बोलावायचे गुरुजी आणि जेवणात त्या व्यक्तीला आवडणारा पदार्थ असे तीन रकाने आजोबांनी आखले होते. पणजोबांच्या नावापुढे लिहिले आहे : "शके १८८०, विलंबी नाम संवत्सर, भाद्रपद वद्य पंचमी. पहाटे." तिसऱ्या रकान्यात "अळूचे फदफदे".

आजीला वही दाखवली. तिने पान हाताने चाचपले आणि म्हणाली, "हो, पितृपंधरवडाच चालू होता."

याचे इंग्रजी वर्ष कोणते धरायचे?

पंचांगवाले

शके १८८० मध्ये ७८ मिळवा, १९५८ येते. भाद्रपद हा वर्षाच्या पहिल्या भागातला महिना असल्यामुळे पुढच्या वर्षात जाण्याचा प्रश्नच नाही. संवत्सराचे नावही जुळते. साठ वर्षांनी तेच नाव परत येते आणि २०१८ च्या गुढीपाडव्याला विलंबी संवत्सरच लागले होते, हे अनेकांना आठवत असेल. १९५८ साली भाद्रपद अमावास्या १२ ऑक्टोबरला होती, म्हणजे वद्य पंचमी ऑक्टोबरच्या अगदी सुरुवातीला येते.

एक सूचना करतो. आपल्या मराठी पंचांगातला भाद्रपद वद्य पक्ष हा इंदूरच्या हिंदी पंचांगात आश्विन कृष्ण पक्ष असतो. जुन्या नोंदी शोधताना समोरच्या माणसाने 'भाद्रपद कृष्ण' समजून एक महिना आधी पाहू नये, म्हणून इंग्रजी महिनाच सांगा.

जुनी_कचेरी

वहीचे हे पान वाचून मन भरून आले. ती आता पिशवीत घालून हिंडवू नका. छायाचित्रे काढा आणि मूळ वही घरीच जपून ठेवा. न्यायालयात कौटुंबिक नोंद म्हणून तिला किंमत आहे, पण तिच्या एकटीवर विसंबू नका. जुन्या मृत्यूनोंदीचा प्रमाणित उतारा किंवा संस्थानी नोकरीचे निवृत्तिवेतन बंद झाल्याचा कागद मिळाला, तर तारीख पक्की होईल.

१९५८ धरून चालू. वारसा कलम ८ खाली उघडला. पणजी आधीच गेलेल्या आणि आजोबा एकटे अपत्य, त्यामुळे सबंध वाडा आजोबांचा स्वतंत्र झाला. आपणा भावंडांना त्यात जन्मसिद्ध हक्क नव्हता आणि आपल्या वडिलांनाही नव्हता. आता २०१९. आजोबांच्या मागे आजी, काका, आत्या आणि आपल्या वडिलांची शाखा. कलम १० प्रमाणे आजीला एक हिस्सा, हयात मुलाला एक, मुलीला एक आणि आधी वारलेल्या मुलाच्या सबंध शाखेला मिळून एक. प्रत्येकी एक-चतुर्थांश. आपल्या शाखेचा चतुर्थांश आई, भाऊ आणि आपण यांच्यात सारखा, म्हणजे प्रत्येकी एक-द्वादशांश. शेतीतही हेच.

आता आपल्या वकिलांचे म्हणणे हिशेबाने पाहू, कारण मलाही त्याची उत्सुकता होती. पणजोबा १९५६ च्या आधी गेले असते, तर काय झाले असते? वाडा सहदायकीचा. आत्याही २००५ च्या दुरुस्तीने त्यात हिस्सेदार, आणि ९ सप्टेंबर २००५ ला मुलीचे वडील हयात असण्याचीही अट नाही, हे विनीता शर्मा प्रकरणात ऑगस्ट २०२० मध्ये तिघा न्यायमूर्तींनी स्पष्ट केले. २०११ साली आपले वडील वारले, त्या क्षणी वाटणी झाली असे कायदा मानतो. अशा मानीव वाटणीत पत्नीलाही मुलाइतका हिस्सा मिळतो. हे १९७८ च्या गुरुपाद मगदूम प्रकरणात ठरले. म्हणून आजोबा, आजी, वडील, काका, आत्या यांना प्रत्येकी एक-पंचमांश. वडिलांचा पंचमांश पुन्हा ते स्वतः, आई, आपण आणि भाऊ यांच्यात चार ठिकाणी, प्रत्येकी १/२०. वडिलांच्या वाट्याचा १/२० त्यांच्या वारसांत गेला, आणि इथे बहुतेक जण चुकतात. मुलाच्या पहिल्या वर्गातील वारसांत त्याची आई असते, म्हणजे आपल्या आजीही त्यात आल्या. तो चार ठिकाणी वाटला, प्रत्येकी १/८०. पुढे २०१९ साली आजोबांचा पंचमांश चार शाखांत गेला. आपल्या शाखेला १/२०, त्यातले आपले १/६०.

आपली बेरीज १/२० अधिक १/८० अधिक १/६०, म्हणजे १९/२४०. आणि वर काढलेला एक-द्वादशांश म्हणजे २०/२४०. 'पैतृक' ठरवून आपला हिस्सा वाढला नसता, किंचित घटलाच असता. वाढल्या असत्या फक्त आजी, ६०/२४० वरून ६३/२४० वर.

त्या शब्दाला खरे महत्त्व येते ते आजोबांनी मृत्युपत्र केले असते किंवा वाडा विकून टाकला असता तर. स्वतंत्र वाडा ते कोणालाही देऊ शकले असते. सहदायकीतला केवळ स्वतःचा हिस्साच मृत्युपत्राने देता आला असता. आपल्याकडे मृत्युपत्र नाही, विक्री नाही. त्यामुळे या शब्दासाठी दावा लांबवण्यात आपला काहीच लाभ नाही.

सयाजीगंज

वडोदऱ्याहून विचारते. मुलीच्या मुलांचे काय? माझी आई हयात आहे, तिचे वडील म्हणजे माझे आजोबा गेले.

देवासकर

आई हयात असताना आजोबांचा वारसा आईला. तिला मिळालेले कलम १४ प्रमाणे पूर्णपणे तिचे, ते ती हवे त्याला देऊ शकते; त्यात आपला आज हक्क नाही. आई आजोबांच्या आधी गेली असती, तर तिची मुले पहिल्या वर्गात आली असती.

रामबाग

जुनी_कचेरी यांचा हिशेब मी कागदावर तीन वेळा मांडून पाहिला. अगदी खरे सांगायचे तर, हिस्सा मोठा होईल या आशेने माझ्या मनात जी धावपळ सुरू झाली होती, ती थांबली.

आता दोन प्रश्न. काकांच्या एकट्याच्या नावे नोंद झाली आहे, तिने आमचा हक्क गेला का? आणि वाडा वाटायचा कसा? एक जिना, एक विहीर, मधला चौक; बारा भाग केले तर कोणाच्या वाट्याला जिना आणि कोणाच्या वाट्याला भिंत येईल.

जुनी_कचेरी

कराच्या किंवा महसुलाच्या नोंदीने मालकी जन्मत नाही आणि संपतही नाही. ती कर कोणाकडून घ्यायचा याची सोय आहे. तरीही ती तशीच राहू देऊ नये, कारण तिच्या जोरावर पुढे कोणी विक्री करू पाहतो. दोन्ही ठिकाणी सर्व वारसांची नावे लागावीत असा लेखी अर्ज करा, सोबत आजोबांचा व वडिलांचा मृत्यू दाखला आणि वंशावळीचे शपथपत्र जोडा. शेतीच्या वाटणीसाठी भू-राजस्व संहितेच्या कलम १७८ खाली तहसीलदाराकडे जाता येते. मात्र मालकीचाच वाद निघाला, तर दिवाणी दाव्यासाठी मुदत देऊन तहसीलदार ते प्रकरण थांबवतात. एका सहवारसाचा ताबा हा सर्वांच्या वतीने असतो, असेच कायदा सहसा मानतो, पण काकांनी आपला हक्क उघडपणे नाकारला आहे. तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. बारा वर्षांची मुदत मोजण्याची वेळ आलीच, तर नाकारल्याच्या तारखेवर बोट ठेवले जाते.

वाडा जमिनीसारखा कापता येत नाही, हे कायद्यालाही माहीत आहे. वाटप अशक्य किंवा नुकसानीचे असेल, तर विभाजन अधिनियम, १८९३ खाली न्यायालय विक्रीचा मार्ग घेऊ शकते आणि हिस्सेदारांना घर आपसांत विकत घेण्याची संधीही देते. बाहेरच्याने कोणाचा हिस्सा विकत घेतला, तरी कुटुंबाच्या राहत्या घरात आत येऊन बसण्याचा हक्क त्याला मिळत नाही. शिवाय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे एखादा वारस आपला वाटा देऊ लागला, तर घेण्याचा पहिला मान बाकीच्या वारसांचा.

माझे मत विचाराल, तर दाव्याआधी नोंदणीकृत कौटुंबिक वाटणीपत्राचा प्रयत्न करा. आजींना तहहयात मागच्या खोल्या, काकांना पुढचा भाग आणि आपल्या शाखेला त्या बदल्यात शेतीत अधिक, असा मेळ बसू शकतो. मात्र कोणीही साध्या कागदावर हक्कसोड लिहून देऊ नये. स्थावरावरचा हक्क नोंदणीकृत दस्ताशिवाय सुटत नाही, आणि आत्यांनीही भावाच्या प्रेमापोटी कोऱ्या स्टँपवर सही करू नये.

रामबाग

आत्या रविवारी आल्या. काकाही होते, मीच बोलावले होते. आधी वही पुढे ठेवली. काकांनी पणजोबांचे पान उघडले आणि बराच वेळ तिसरा रकाना पाहत राहिले. मग मी आजोबांचे पान काढून दिले. ते वडिलांच्या पानानंतर आहे आणि काकांच्याच अक्षरात आहे. वडिलांचे पान आजोबांच्या अक्षरात आहे.

हिशेबाचा कागद मी वाचून दाखवला, चार चतुर्थांश आणि त्यातले बारावे भाग. काका म्हणाले, "आईचाही चौथा?" आजी आतून म्हणाली, "मग काय तर."

नावे लावण्याच्या अर्जावर काकांनी सही केली. वाटणीपत्राचे बोलणे दिवाळीनंतर करायचे ठरले आहे. जुन्या मृत्यूनोंदीच्या उताऱ्यासाठी अर्ज दिला आहे, महिना ऑक्टोबर, वर्ष १९५८ असाच लिहून.